लेकरांची शी-शू धुताना होणारी आग : घरी काय करायचं, काय नाही

मागच्या एप्रिलमधली गोष्ट, माझी पोरगी तेव्हा साडेतीन वर्षांची. संध्याकाळी शू करायला बसली आणि एकदम किंचाळली, "आई, आग होऊलालीय गं!" बघितलं तर जागा लालेलाल. मला वाटलं घाण राहिली असणार, म्हणून मी दिवसातून तीनदा साबण लावून धुवायला लागले, वर बादलीत जंतुनाशकाचं टोपणभर पण टाकायचे, आणि दोन दिवसांत पोरगी शू करायलाच नको म्हणायला लागली, पाय आवळून उभी राहायची. डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी आधी विचारलं, साबण किती वेळा लावता, आणि धुतल्यावर पुसता का? पुसता का, ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. धुवायचं आणि ओलीच चड्डी चढवायची, घाईत असंच चाललं होतं. लघवी तपासली, इन्फेक्शन काही निघालं नाही. साबण आणि ते लिक्विड बंद केलं, साधं पाणी आणि नीट कोरडं करणं एवढंच ठेवलं, चार दिवसांत लाली गेली. तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येक नव्या आईला हे सांगते.

आग होण्याचं कारण बहुतेक वेळा घाण नसतं, ओल असते. ओली कातडी मऊ पडते, मग चड्डीचं शिवण घासलं तरी सोलवटते, त्यात शू लागली की झोंबतं. साबणानं कातडीचं स्वतःचं तेल जातं. लहान मुलींची तिथली कातडी वयात येईपर्यंत फार पातळ असते, म्हणून त्यांना हे जास्त होतं. आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 42-43 वर गेला की जांघेत घाम सारखाच असतो, घाम आणि ओली चड्डी मिळून काम बिघडवतात.

धुवायचं कसं ते सांगते. शीनंतर साधं नाहीतर कोमट पाणी, मगानं किंवा तांब्यानं हळूहळू ओतत. जेट स्प्रे असेल तर प्रेशर एकदम कमी ठेवा, जोरात मारलं तर दुखतं आणि लेकरू बाथरूमलाच घाबरतं. शी चिकटली असेल तर फक्त मागच्या जागेला थोडा सौम्य साबण चालतो, मुलींना पुढच्या जागेला आत साबण लावायचाच नाही. मुलींचं धुताना हात नेहमी पुढून मागं गेला पाहिजे, मागून पुढं कधीच नाही, कारण शीतले जंतू शूच्या जागेकडं जातात आणि मुलींची लघवीची नळी आखूड असते, मग इन्फेक्शन व्हायला वेळ लागत नाही. शूला बसताना चड्डी पूर्ण खाली घेऊन गुडघे लांब ठेवून बसवा, मांड्या जोडून बसलं की थोडी शू आत साचते आणि नंतर चड्डीत गळत राहते.

मुलांचं वेगळं. शूच्या जागेची पुढची कातडी ओढून मागं करायची नाही, आजीनं सांगितलं, शेजारणीनं सांगितलं, मालिश करणारीनं सांगितलं तरी नाही. लहानपणी ती चिकटलेलीच असते, वर्षावर्षानं आपोआप सुटते, ओढलं तर चीर पडते. बाहेरून पाण्यानं धुतलं की झालं. कुणी ओढली आणि ती मागंच अडकून सूज आली, तर तासाभराचा पण उशीर न करता दवाखाना.

आता पुसणं, माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष ह्याच्याकडं होतं. घासायचं नाही, कपडा नुसता टेकवायचा, दाबायचा, उचलायचा. जांघेची घडी बोटानं उघडून तिथं पण टेकवायचा, मग मिनिटभर उघडं राहू द्या. आपलं गाव टॉवेलचं, घरोघर टर्किश टॉवेलची चळत असते, पण नवा टॉवेल पाणी नीट टिपत नाही, कडक पण लागतो. पाच-सहा धुण्या झालेला जुना टॉवेल किंवा आजीच्या जुन्या सुती लुगड्याचे हातरुमालाएवढे तुकडे सगळ्यात चांगले. मी असे आठ तुकडे करून बाथरूमच्या खिळ्याला पिशवीत अडकवलेत, एकदा वापरला की धुण्यात टाकायचा, रोज कडक उन्हात वाळवायचा. दोन लेकरं असली तर दोघांचे वेगळे.

वेट वाइप्स प्रवासात ठीक आहेत, पण बिनवासाचे घ्या, आणि कातडी लाल असताना वापरू नका, झोंबतात.

पाण्याचा विषय आपल्याकडं टाळता येत नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, मग सगळे जपून वापरतात, आणि कपडे खळबळताना हात आखडतो. बोअरच्या जड पाण्यात फेस येत नाही म्हणून पावडर जास्त पडते, ती चड्डीत राहते, चड्डी वाळली की कडक होते आणि घाम आला की तीच पावडर कातडीला लागते. पाणी वाचवायचंच असेल तर फरशीचं वाचवा, लेकराची चड्डी मात्र दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. सुगंधी कंडिशनर नको. चड्डी सुती, थोडी ढिली, रात्री झोपताना नसली तरी चालतं, उलट चांगलंच.

डायपरवाल्या बाळांसाठी : शी झाली की लगेच बदला, नुसती शू असेल तर दोन-तीन तासांनी बघा, "अजून भरला नाही" म्हणून ठेवू नका. दिवसातून दोन-तीनदा अर्धा तास दुपट्यावर उघडं लोळू द्या. लाल दिसलं की झिंक ऑक्साइडचं क्रीम जाडसर थर देऊन लावायचं, पुढच्या वेळी तो थर खरवडून काढायचा नाही, वरची घाण तेवढी टिपून पुन्हा लावायचं. पावडर नको, ती ओल धरून गुठळ्या करते आणि बाळाच्या श्वासात पण जाते. जांघेच्या घडीत भडक लाल आणि कडेला बारीक बारीक वेगळे लाल ठिपके दिसले तर ते बहुतेक बुरशीचं असतं, त्याला डॉक्टरांनी दिलेलं अँटीफंगल लागतं. एक हात जोडून सांगते, मेडिकलमधून "खाज-गजकर्णाची ट्यूब" आणून लावू नका, अशा खूप ट्यूबमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि नंतर कातडी पातळ होते, बुरशी वाढते.

लेकरू स्वतः कधी धुणार? चार-पाच वर्षांपर्यंत हाताचा अंदाज येतच नाही, तोवर आपणच, पुढं वर्षभर नजर ठेवायची. शिकवायला मी बाहुली वापरली. बाहुलीच्या ढुंगणाला ओल्या कणकेचं बोट लावलं आणि मग बाहुली पोरीच्या हातात दिली, धू म्हटलं. पहिल्या वेळी तिनं हात पुढून मांड्यांमधून घातला, कणीक सगळी पुढं आली, ती स्वतःच म्हणाली "छी, पुढं गेलं." मग हात पाठीमागून नेऊन पुढून मागं धुवायचं दाखवलं. चार दिवस खेळ खेळलो, मग खरं. त्याच वेळी हेपण सांगून ठेवलं की तुला धुवायला फक्त आई, बाबा आणि आजी, दुसऱ्या कुणी हात लावला तर घरी येऊन सांगायचं. शाळेत कोण धुतं ते मावशींना भेटून विचारून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हात धुणं : साबण लावून वीस सेकंद, म्हणजे 1 ते 20 आकडे सावकाश म्हणायचे. नखं आठवड्याला कापा.

खडा धरला असेल, म्हणजे शी कडक होऊन अडत असेल, तर वरची सगळी काळजी वाया जाते, कारण कडक शीनं चीर पडते, दुखतं म्हणून लेकरू धरून ठेवतं, अजून कडक होते, आणि पातळ शी बाजूनं चड्डीला लागत राहते. ते मुद्दाम करत नाही, त्याला रागावू नका, मारू तर अजिबात नका. बिस्किटं आणि दुधाचे ग्लास कमी, ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, पेरू, पपई, भिजवलेले मनुके, आणि पाणी घोट-घोट दिवसभर. जेवण झाल्यावर पाच-दहा मिनिटं बसवा. कमोडवर बसत असेल तर पायाखाली पाट द्या, पाय लोंबकळत असले की जोर येत नाही. आठवडाभरात फरक नाही पडला तर डॉक्टर.

रात्री झोपेत मागं खाजवत असेल तर जंत असू शकतात, बारीक पांढरे दोऱ्यासारखे. 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत, शाळेत अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती चुकवू नका, पण खाज मधेच सुरू झाली तर त्या तारखेची वाट न बघता दाखवा. घरातल्या सगळ्यांना औषध लागू शकतं आणि दोन आठवड्यांनी परत एक डोस असतो. चादरी, चड्ड्या गरम पाण्यात.

ह्या वेळी घरगुती काही करत बसू नका : लघवीला जळजळ आणि सोबत ताप, सर्दी-खोकला काही नसताना नुसता ताप, लघवीत रक्त, मुलीला वास येणारा पिवळा-हिरवा स्राव, फोड किंवा पू, तीन दिवसांत न बसणारी लाली. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी.

आणि डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी द्या. आधी नुसत्या पाण्यानं धुवा, सुरुवातीची थोडी शू जाऊ द्या आणि मधली धार लॅबच्या डबीत धरा, घरातली धुतलेली बाटली नको. आणि आपल्याकडच्या उन्हात ती डबी गाडीच्या डिकीत ठेवून दुसरी कामं करत फिरू नका, आधी लॅबला जा, तासाभरात पोचणं जमणार नसेल तर पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवा.