सायकल शिकवताना आधी पेडलं काढा

मागे आधाराची चाकं लावली की मूल पेडल मारायला शिकतं, तोल सांभाळायला नाही. म्हणून ती चाकं आणि दोन्ही पेडलं काढून ठेवा. बहुतेक वेळा १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं. उगाच जोर लावू नका. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील. मग मोकळ्या, सपाट जागेत पायांनी ढकलत फिरू द्या. पाय उचलून सरळ जायला आणि वळायला लागलं की पेडलं परत बसवा. धरायचंच असेल तर काखेत धरा, हँडल अजिबात नको. ब्रेक मात्र पहिल्याच दिवशी शिकवा, आणि इवलीशी बोटं लिव्हरपर्यंत पोचतात ना, तेही बघा.