मुलांच्या हातात पहिल्यांदा चाकू देताना: निसर्ग-जागेत लाकूडकाम कसं शिकवायचं

लोकांनी मिळून राखलेली झाडांची जागा आहे, तिथे मुलांना (मोठ्यांनाही चालतंय) लाकूड तासणं, गाठी मारणं, चूल पेटवणं असं शिकवायचंय, आणि तुम्ही पहिल्यांदाच शिकवताय, तर हे वाचा. कारण या विषयावर जे सल्ले मिळतात ना, मुलांना बोथट चाकू द्या, आधी अर्धा तास नियम समजावून सांगा, पहिल्याच दिवशी लाकडी चमचा करायला लावा, ते ऐकून ऐकून मला खरंच वैताग आलाय. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि पहिला तर धोकादायक आहे.

जागेची परवानगी, पालकांची संमती, प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचं पाणी हे तुम्ही बघणारच. फक्त बसायची जागा ठरवायच्या आधी मान वर करून बघा. डोक्यावर वाळलेली किंवा मोडून अडकलेली फांदी असेल तर वारा नसला तरी जागा बदला. आणि दर वेळी एकाच झाडाच्या बुंध्याशी बसू नका, माती तुडवून तुडवून दगडासारखी होते, पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, आणि झाडांबद्दल शिकवता शिकवता आपणच त्या झाडाला त्रास देत बसतो.

काय बनवायचं? तंबूची मेख. चमचा नाही. चमच्याला वाकडं पातं लागतं, खोलगट भाग कोरताना पातं लाकूड धरलेल्या हाताकडेच येतं, ते पहिल्या दिवसाचं काम नाहीच. मेखेत टोक काढणं, कड मारणं (म्हणजे टोकाची धारदार कड तिरकी तासून घेणं) आणि खाच पाडणं हे तिन्ही येतं, आणि मूल ती ठोकून, दोरी बांधून लगेच वापरू शकतं.

लाकूड ताजं कापलेलं, ओलं, सरळ, बिनगाठीचं, मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढं किंवा किंचित जाड घ्या. खाली पडलेली वाळकी फांदी उचलून देऊ नका, ती कडक असते, चाकू आत शिरत नाही आणि घसरतो. उभ्या झाडाच्या फांद्या तोडायच्या नाहीत, छाटणीच्या निघतात त्या बाजूला काढून ठेवायच्या. झाड ओळखू येत नसेल तर त्याची काठी वापरायचीच नाही. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो आणि मुलं काड्या तोंडात घालतात म्हणजे घालतातच. कुंपणाला लावतात त्या शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. मी तर सरळ नियम केलाय, फांदी कापल्यावर पांढरा चीक आला की ती बाद.

मेख साधारण 25 सेंमी लांब होते पण काठी 40 ची द्या, धरायला जास्तीची लांबी हवी. ती शेवटी करवतीने कापून टाकायची.

चाकू घडीचा नको. लॉक नसलेला घडीचा चाकू जोर लावताना मिटून बोटांवर येतो. न मिटणारं 8 ते 10 सेंमीचं पातं, हात पुढे सरकू नये म्हणून मुठीला पुढे उंचवटा, आणि कडक म्यान, बास. मोठ्ठा, दणकट, दाती असलेला चाकू या कामाला निरुपयोगी आहे, कितीही भारी दिसला तरी.

आणि धार. चाकू धारदारच पाहिजे. बोथट चाकू लाकडात शिरत नाही म्हणून मूल जोर वाढवतं, खांदा लावतं, आणि मग चाकू एकदम सुटतो तेव्हा तो कुठे जाईल ते कुणाच्याच हातात नसतं. धारदार चाकूला जोर लागत नाही, जोर नाही म्हणून ताबा राहतो. आदल्या रात्री प्रत्येक चाकू कागदावर चालवून बघा, कागद न फाटता सरळ कापला गेला पाहिजे. सकाळी घाईघाईत धार लावत बसलात तर अर्धे चाकू कच्चेच राहणार.

आता चाकू प्रत्यक्ष हातात देतानाची पहिली वीस मिनिटं. सगळा लेख मी खरं तर याच्यासाठी लिहितोय. बाकी सगळं कुणालाही जमतं पण हा टप्पा मलाही कितीतरी दिवस अवघड जायचा, आणि नियमांची यादी वाढवून तो सोपा होत नाही. मुलं नियम तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि पुढच्या मिनिटाला मांडीवर काठी ठेवून तासायला लागतात. नियम डोक्यात असतो, हाताला त्याचा पत्ता नसतो. म्हणून आधी शरीर बसवायचं, चाकू नंतर.

सगळ्यांना रिकाम्या हाताने बसवा. एका शिकवणाऱ्यामागे सहा जण, सातवा आला तर दुसरा शिकवणारा आणा किंवा त्याला पुढच्या गटात घ्या, यावर मी तडजोड करत नाही. मग एकेकाने म्यानात असलेला चाकू धरून हात पूर्ण लांब करून पुढे, बाजूला, मागे फिरवायचा, कुणालाही लागला नाही पाहिजे. हा त्याचा घेर. घेरात कुणी आलं की चाकू म्यानात. पळत येणारं भावंड, कुत्रा, फोटो काढायला वाकलेले पालक, सगळ्यांना हाच नियम, आणि पालकांना तो मोठ्याने सांगायला लाजू नका, सगळ्यात जास्त घेर तेच मोडतात.

मग बसणं. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते, तिथे खोल कापलं तर काही मिनिटांत जिवावर बेततं, त्यामुळे दोन मांड्यांच्या मधे काम करायचं नाही म्हणजे नाही. बसून तासायचं असेल तर दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवायची, की हात आपोआप गुडघ्यांच्या पुढे जातात. पण पहिल्या दिवशी मी बसून तासायला देतच नाही. लाकडाचा एक ठोकळा घ्या, गुडघ्याएवढा उंच, मुलाला त्याच्या बाजूला गुडघ्यावर बसवा, काठी ठोकळ्यावर उभी धरायची आणि चाकू वरून खाली, ठोकळ्याच्या दिशेने न्यायचा. चाकू सुटला तरी ठोकळ्यात जाऊन थांबतो. काठी धरलेला हात कायम पात्याच्या वर. ठोकळा शरीराच्या अगदी समोर नको, चाकूच्या हाताच्या बाजूला सरकवून ठेवा. आणि काठी ठोकळ्याच्या पलीकडच्या अर्ध्या भागात टेकवा, अलीकडच्या कडेला टेकवली तर सुटलेला चाकू ठोकळा चुकवून गुडघ्याकडे येतो.

करून दाखवताना मुलांच्या समोर तोंड करून बसू नका. समोरून बघितलं की सगळं उलटं दिसतं, उजवं डावं होतं, आणि मूल गोंधळून काठी उलटी धरतं. त्यांना तुमच्या पाठीमागे उभं करा (अर्थातच घेराच्या बाहेर) आणि खांद्यावरून बघू द्या. डावखुऱ्या मुलाला मात्र समोर बसवा, त्याला तेच आरशातल्यासारखं बरोबर दिसतं. गटात डावखुरं कोण आहे ते आधी विचारायचंच, ते मूल स्वतःहून सांगत नाही, उजव्या हाताने धडपडत बसतं, आणि चाकूच्या बाबतीत अशी धडपड चालत नाही.

चाकू एकेकाला द्या. सहाही जणांना एकदम नाही. पहिल्याला दिला, त्याने पाच-सहा ढलप्या काढल्या, चाकू परत म्यानात घातला, मग दुसऱ्याला. वेळ जातो, बाकीची मुलं चुळबुळतात, त्यांना तोवर काठीची साल नखाने सोलायला द्या, पण ही पायरी गाळू नका. चाकू हातातून हातात द्यायचा नाही, म्यानात घालून जमिनीवर ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. म्यानात घालणं वेगळं शिकवा, कारण तासताना सगळे सावध असतात आणि काम संपलं असं वाटतं तेव्हाच बोट कापतं. म्यान त्याच्या उघड्या तोंडापासून खाली धरायचं, बोटं कधीच त्या तोंडाजवळ नाहीत, आणि पातं आत जाईपर्यंत नजर तिथेच.

तासताना तुम्ही मुलाचा चेहरा नाही, खांदा बघा. खांदा वर चढला की समजायचं, जोर लागतोय. जोर लागतोय म्हणजे एकतर गाठ आलीये, किंवा लाकडाच्या तंतूंच्या उलट्या दिशेने तासलं जातंय, किंवा धार गेलीये, किंवा हात दमलाय. गाठ आली तर काठी बदलून द्या, "अजून जरा जोर लाव" असं चाकू हातात असलेल्या मुलाला कधीही म्हणायचं नाही. चाकू लाकडात खोल घुसत असेल तर तंतू उलटे आहेत, काठी फिरवून दुसऱ्या टोकाकडून तासायचं. आणि वीस मिनिटं झाली की सगळ्यांचे चाकू खाली, मुलं कितीही रंगात आली असली तरी. बोटं दमतात ते मुलांना कळत नाही, पकड सैल होते ते तुम्हाला दिसतं.

हातमोजा घालायचाच असेल तर काठी धरणाऱ्या हातात. चाकूच्या हातात नको, मूठ घसरते.

बोट कापलंच तर स्वच्छ कापडाने थेट दाब द्या, हात वर धरा, आणि दहा मिनिटं उचलून बघायचं नाही. दर मिनिटाला बघितलं की रक्त परत सुरू होतं. रक्त थांबत नसेल, बोट बधिर झालं किंवा वाकत नसेल तर डॉक्टरकडे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं पालकांना आधीच विचारून ठेवा.

इथपर्यंत नीट झालं तर मेख होतेच. एका टोकाला चार बाजूंनी तासून टोक काढा. खाचेसाठी मेखेच्या वरच्या टोकापासून (काठीच्या नाही, जास्तीची लांबी जिथे कापायची तिथपासून) चार बोटं खाली चाकू आडवा ठेवून पात्याच्या पाठीवर मोगरीने (लाकडी हातोड्याने) हलके ठोके द्या, मग तासलेल्या टोकाच्या बाजूकडून त्या कापाकडे तासत या, ढलपी कापाशी येऊन सुटते. हे मुलाने आडव्या काठीवर करायचं, काठी ठोकळ्यावर दाबून, धरणारा हात कायम पात्याच्या मागे. खाच जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, मेख तिथेच मोडेल. मग जास्तीची लांबी करवतीने कापा, काठीचा आधार कापाच्या अगदी जवळ हवा आणि तुकडा मोकळा लटकता, नाहीतर करवत अडकते. आणि कापलेल्या वरच्या टोकाची कड चहूबाजूंनी मारून घ्या, नाहीतर ठोकताना मेख फाटते. एक मेख मुद्दाम कड न मारता ठोकून दाखवा, कड का मारायची हा प्रश्न परत कुणी विचारत नाही.

चुलीचं काम सोपं आहे: काडीएवढं, पेन्सिलीएवढं, अंगठ्याएवढं असं सुकं सरपण आधी वेगवेगळं रचून ठेवा, शेजारी पाण्याची बादली, आणि निघताना राखेत हात घालता येईल इतकी ती गार झाली पाहिजे.

कुणीही उठायच्या आधी चाकू मोजा. आणलेले तितके पिशवीत दिसल्याशिवाय गट सोडायचा नाही. ढलप्या तिथेच झाडाखाली पसरून द्या, कुजतात.

मेखा ओल्या आहेत, उन्हात ठेवल्या तर तडकतात, सावलीत वाळू द्या. पुढच्या वेळी त्याच मेखांवर ताडपत्री ताणायला लावा आणि गाठी तिथून शिकवायला घ्या.