चपाला सरोवराकाठी निवृत्तीचे घर घेताना या चुका टाळा

मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहराच्या दक्षिणेस, तासाभराच्या मोटारप्रवासाच्या अंतरावर, चपाला हे त्या देशातले सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर आहे. त्याच्या उत्तर काठावरची चपाला, आहीहिक आणि सान हुआन कोसाला ही गावे अमेरिकन व कॅनेडियन निवृत्तांची जुनी वस्ती म्हणून ओळखली जातात. या परदेशी रहिवाशांची लेक चपाला सोसायटी १९५५ पासून तिथे काम करते आहे. हवा वर्षभर सौम्य, विमानतळ जवळ आणि खर्च अमेरिकेच्या मानाने कमी, त्यामुळे अमेरिकेत तीस-पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या मराठी जोडप्याला हा काठ खुणावला तर त्यात नवल नाही.

अडचण वेगळीच आहे. आहीहिकच्या बाजारात, दवाखान्यात आणि दलालाच्या कचेरीत इंग्रजी सर्रास चालते, घरांच्या किमती डॉलरमध्ये सांगितल्या जातात आणि शेजारी टेक्सासचा किंवा ओंटारिओचा निघतो. त्यामुळे कायदाही ओळखीचाच असेल असे आपण नकळत धरून चालतो. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका या एका समजुतीतून होतात.

फेब्रुवारीत पाहून फेब्रुवारीतच घेणे

बहुतेक लोक हिवाळ्यात येतात. त्या वेळी आकाश निरभ्र असते, डोंगर आणि पाणी दोन्ही देखणे दिसतात आणि पंधरा दिवसांत बयाणा दिला जातो. एप्रिल-मे महिन्यांत डोंगर करपलेले असतात, हवेत धूळ आणि जाळलेल्या शेतांचा धूर असतो. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस पडतो, आणि तो बहुधा रात्री कोसळतो. उतारावरच्या ज्या घरांतून सरोवर सर्वांत सुंदर दिसते, त्यांच्याच मागच्या ओढ्यांतून कधीकधी दगडगोटे आणि चिखल उतरतो; सप्टेंबर २००७ मध्ये सान हुआन कोसालाने हे अनुभवले आहे. म्हणून घराच्या मागे ओढा कुठून जातो हे विकणाऱ्याला विचारू नये. पावसाळ्यात स्वतः जाऊन पाहावे.

‘शांत’ या शब्दाचा अर्थही तिथे राहूनच समजतो. आहीहिकचे ग्रामदैवत संत आंद्रेस. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांचा उत्सव नऊ दिवस चालतो, पहाटेपासून आवाजाचे बाण उडतात आणि बँड रात्री उशिरापर्यंत वाजतो. ज्याने आपल्या गावची जत्रा जवळून पाहिली आहे त्याला यात वावगे काही वाटणार नाही, आणि तक्रार करण्याचा अधिकार पाहुण्याला नाही असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र चौकाला लागून घर घेण्याआधी हे माहीत असले पाहिजे. गावातले रस्ते गोट्यांच्या फरसबंदीचे आहेत, तेव्हा दुखऱ्या गुडघ्यांनी त्यावर रोज चालून पाहावे. सरोवर सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वराहूनही वर आहे, तेव्हा हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. या सगळ्यावर माझ्या मते एकच उपाय आहे: पूर्ण एक वर्ष भाड्याने राहावे, आणि त्या वर्षात मे व सप्टेंबर हे दोन महिने गाव सोडू नये.

जमीन कोणाची, हे न पाहता घर पाहणे

मेक्सिकोच्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमानुसार समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटर आणि सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला जमिनीची थेट मालकी मिळत नाही. तिथे बँकेच्या नावे ५० वर्षांचा, नूतनीकरण करता येणारा विश्वस्त करार करावा लागतो. चपाला या पट्ट्याच्या बाहेर आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या पुएर्तो वायार्तात घर घेतलेल्या मित्राचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू करून बँकेचे वार्षिक शुल्क विनाकारण भरू नये. परराष्ट्र मंत्रालयाशी ठरावीक करार करून, म्हणजे या मालमत्तेपुरते आपल्या देशाच्या सरकारचे संरक्षण मागणार नाही असे मान्य करून, इथे स्वतःच्या नावे खरेदीखत करता येते.

खरा धोका दोन ठिकाणी आहे. पहिला ‘एहिदो’चा. ही गावसमूहाला मिळालेली शेतजमीन असते आणि १९९२ च्या घटनादुरुस्तीनंतर तिचे पूर्ण खासगी मालकीत रूपांतर करण्याची वाट खुली झाली. ज्या जमिनीचे असे रूपांतर झालेले नाही तिच्यावर घरे बांधून ती स्वस्तात विकली जातात आणि हातात ‘हक्क हस्तांतर’ असा कागद दिला जातो. त्या कागदाने परदेशी माणूस मालक होत नाही. किंमत शेजारच्या घरापेक्षा फारच कमी असेल तर पहिला प्रश्न हाच विचारावा.

दुसरा धोका पाण्याच्या कडेचा. चपाला उथळ आहे आणि त्याची पातळी वर्षागणिक बदलते. २००१-०२ च्या सुमारास साठा क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याच्याही खाली गेला होता आणि काठ गावांपासून दूर सरकला होता. पाणी हटल्यावर उघडी पडलेली जमीन कुंपण घालून बागेत घेतली गेली, अशी उदाहरणे काठावर आहेत. काठालगतचा पट्टा मात्र संघराज्याच्या मालकीचा आहे आणि राष्ट्रीय जल आयोगाकडून, म्हणजे कोनाग्वाकडून, त्याच्या केवळ वापराची परवानगी मिळते. दाखवलेली हिरवळ, धक्का आणि नारळाची झाडे खरेदीखतातल्या मापात बसतात का, हे मोजणी करून तपासावे. अशी परवानगी असल्यास ती आपल्या नावे वेगळी वर्ग करून घ्यावी लागते.

‘नोटरी आहेत ना’ म्हणून निश्चिंत होणे

मेक्सिकोतला नोतारियो पुब्लिको हा शिक्का मारणारा कारकून नव्हे. तो शासनाने नेमलेला ज्येष्ठ विधिज्ञ असतो. मालकीची साखळी आणि बोजा तो तपासतो, कर वसूल करतो आणि त्याच्यापुढे झालेल्या खताचीच नोंद सार्वजनिक मालमत्ता नोंदणीत होते. पण तो तटस्थ असतो, आपला वकील नसतो. करारातली आपल्याला जाचक ठरणारी अट आपल्या वतीने बदलून घेणे हे त्याचे काम नाही. त्यासाठी दलालाने सुचवलेला नव्हे, स्वतः शोधलेला वकील नेमावा. बयाणा दलालाच्या खात्यावर कधीही भरू नये. तो त्रयस्थ संस्थेच्या खात्यात ठेवावा.

खतात किंमत कमी दाखवणे

सर्वांत महाग पडणारी चूक ही आहे, आणि ती सौजन्यापोटी होते. विक्रेत्याच्या जुन्या खतात किंमत कमी असते, त्याच्या नफ्यावरचा कर वाढतो, म्हणून तो नव्या खतातही आकडा खाली ठेवायची विनंती करतो आणि आपलाही खरेदी-कर वाचेल असे सांगतो. तसे करणे बेकायदा आहेच. शिवाय पुढे आपण किंवा आपली मुले घर विकतील तेव्हा न मिळालेला नफाही कागदावर नफा दिसतो आणि कर आपल्या माथी येतो. मेक्सिकोचा कर-रहिवासी नसलेल्या विक्रेत्याला एकूण विक्री-किमतीवर २५ टक्के कर लागतो किंवा, प्रतिनिधी नेमल्यास, नफ्यावर ३५ टक्क्यांपर्यंत.

राहत्या घराच्या विक्रीवर ७,००,००० ‘उदी’ या महागाईशी जोडलेल्या एककांपर्यंत सूट आहे, पण तिला पुरावा लागतो. त्यासाठी पहिल्याच महिन्यात विजेचे बिल स्वतःच्या नावावर करावे, करदाता क्रमांक काढावा आणि छप्पर, स्वयंपाकघर, पाण्याची टाकी अशा प्रत्येक कामाची ‘फाक्तुरा’, म्हणजे अधिकृत करपावती, घ्यावी. वहीच्या पानावर लिहून दिलेली पावती करखात्यापुढे चालत नाही. घर घेऊन चार-पाच वर्षे झाली असतील आणि फाक्तुरा नसतील, तर मागचे भरून काढता येत नाही. निदान आजपासून सुरुवात करावी.

घराबरोबर माळी आणि कामवाली बाईही ‘मिळतात’. त्यांची जुनी सेवाज्येष्ठता आपल्या गळ्यात पडू नये आणि त्यांचे हक्काचे पैसेही बुडू नयेत, म्हणून विक्रेत्याने त्यांचा हिशेब लेखी पुरा करून द्यावा, ही अट करारातच घालावी.

घर म्हणजे वास्तव्याचा परवाना, असे समजणे

पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस राहता येते. तात्पुरत्या रहिवासाचा अर्ज साधारणपणे मेक्सिकोबाहेरील त्यांच्या वकिलातीत सुरू करावा लागतो, म्हणून तो खरेदीच्या आधी करावा. भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचे ग्रीन कार्ड असलेल्यांनी विशेष जपावे: कायमचे मेक्सिकोत राहिल्यास अमेरिकेतील वास्तव्य सोडल्याचे मानले जाऊन कार्ड जाऊ शकते. मेडिकेअरचे, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे, संरक्षणही, मोजके अपवाद सोडता, अमेरिकेबाहेर चालत नाही. खासगी विमा मोठ्या वयात मिळणे अवघड होते, म्हणून घराच्या आधी विम्याचे उत्तर मिळवावे.

पुण्या-मुंबईतून पैसे पाठवणाऱ्या निवासी भारतीयाला उदारीकृत प्रेषण योजनेत प्रतिव्यक्ती आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. भारतातला फ्लॅट विकून परदेशात घर घेतल्यास भांडवली नफ्यावरची घरखरेदीची सवलत मिळत नाही, आणि विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे घर दरवर्षी दाखवावे लागते.

मृत्युपत्र अमेरिकेतलेच पुरेल, असे मानणे

परदेशातले मृत्युपत्र मेक्सिकोत वापरायचे तर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारे सरकारी प्रमाणपत्र), मान्यताप्राप्त अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर आणि तिथल्या न्यायालयाची प्रक्रिया, एवढे सगळे मागे राहिलेल्या जोडीदाराला करावे लागते, तेही दुःखाच्या दिवसांत. केवळ मेक्सिकोतील मालमत्तेपुरते वेगळे मृत्युपत्र नोतारियोपुढे करावे आणि ते करताना अमेरिकेतले किंवा भारतातले मृत्युपत्र रद्द होत नाही असे वाक्य त्यात घालून घ्यावे. सप्टेंबर हा तिथे ‘मृत्युपत्राचा महिना’ म्हणून पाळला जातो आणि त्या काळात नोतारियो शुल्कात सूट देतात. खरेदीखताची नोंद झाल्यावर येणारा पहिलाच सप्टेंबर चुकवू नये.