अंगठी अँटवर्पची, तयारी घरची

युरोपच्या सहलीत साखरपुड्याची अंगठी घ्यायचं मनात असेल आणि गाव बेल्जियममधलं हिऱ्यांच्या व्यापाराचं अँटवर्प ठरलं असेल, तर सामान बांधायच्या आधी एका प्रश्नाचं खरं उत्तर स्वतःला द्या: तिथूनच का? ‘तिकडे हिरे स्वस्त मिळतात’ हे उत्तर असेल तर जरा थांबा. जगात पैलू पाडले जाणारे बहुतेक हिरे, नगांच्या हिशेबाने दहातले नऊ, भारतात आणि मुख्यतः सुरतेत घडतात. अँटवर्पच्या दुकानात मखमली ट्रेवर ठेवलेला खडा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समधून तिथे गेलेला असू शकतो, आणि तुम्ही तो पुन्हा मुंबईलाच आणणार. ‘दोघांनी मिळून, निवांत, एकाच गल्लीत पुष्कळ खडे बघून घ्यायची आहे’ हे उत्तर असेल तर खुशाल जा. त्यापायी दोन पैसे जास्त गेले तरी बिघडत नाही. जास्त गेले हे माहीत मात्र असावं.

ते माहीत व्हावं म्हणून निघण्यापूर्वी इथला भाव काढा. झवेरी बाजारात किंवा लक्ष्मी रोडवर, जिथे घरच्यांची ओळख असेल तिथे बसून, हव्या त्याच प्रतीच्या सॉलिटेअरचा, म्हणजे एकाच खड्याच्या अंगठीचा, भाव कागदावर घ्या. खड्याचा वेगळा, सोन्याचा वेगळा, घडणावळ वेगळी, वर ३ टक्के जीएसटी. बेल्जियममध्ये दुकानात सांगतात तो आकडा व्हॅट धरून असतो आणि तिथला व्हॅट २१ टक्के आहे. म्हणजे ६,०५० युरोच्या अंगठीत मूळ किंमत ५,००० आणि कर १,०५०. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला हा कर परत मागता येतो. पण ‘एकवीस टक्के परत’ हे ऐकायला जितकं गोड वाटतं तितकं हातात पडत नाही. ते एकवीस टक्के मूळ किमतीवरचे, तुम्ही मोजलेल्या रकमेच्या हिशेबात ते साडेसतराच्याही आत भरतात. त्यातून परतावा देणारी मधली कंपनी आपला वाटा कापते.

आणि मग मुंबईचा विमानतळ. सोबत आणलेल्या दागिन्यांवरची खास करसवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. बारा दिवसांची टूर करून येणाऱ्याला ती नाही. तेव्हा अंगठीवर सीमाशुल्क भरावं लागेल असं धरूनच बजेट करा. सामानाच्या नियमांतले आकडे सरकार अधूनमधून बदलत असतं, म्हणून मित्राने तीन वर्षांपूर्वी काय केलं हे विचारत बसू नका. निघण्याच्या आठवड्यात सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या, संकेतस्थळावर चालू दर बघा. इथला भाव, तिथला कर वजा केलेला भाव आणि शुल्क हे तीन आकडे एका कागदावर शेजारीशेजारी लिहिले, की अनेकांचा बेत तिथेच बदलतो. बदलला तर उत्तमच, युरोपात करण्यासारखं इतर पुष्कळ आहे.

परताव्याबाबत आणखी एक. तो राहण्याच्या ठिकाणावर ठरतो, पासपोर्टच्या रंगावर नाही. आइंडहोवनला किंवा म्युनिकला नोकरी करणाऱ्या मराठी मुलाचा पासपोर्ट भारतीय असला तरी त्याला परतावा नाही. न्यू जर्सीहून आलेल्या त्याच्या चुलतभावाला आहे. आणि अँटवर्पऐवजी लंडनला घेऊ म्हणणाऱ्यांसाठी: इंग्लंडने दुकानातून माल सोबत नेणाऱ्या पर्यटकांचा व्हॅट परतावा २०२१ पासून बंदच केला आहे.

हिशेब जमला की खडा कागदावर ठरवा. दुकानात गेल्यावर ठरवू म्हणाल तर दुकानदार ठरवेल. वजन, रंग, स्वच्छता आणि कट या चारांत आपल्याकडे लोक वजन आधी विचारतात, ‘किती सेंटचा?’ (सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग.) माझं ऐकाल तर कट, म्हणजे पैलू किती नेमके पाडलेत ते, आधी. गोल खड्याला जीआयएच्या (हिरे तपासून श्रेणी देणारी अमेरिकी संस्था) सर्टिफिकेटवर कटची श्रेणी लिहिलेली असते. ती एक्सलंट असेल तेच बघायचं, त्याखाली उतरायचं नाही, कारण चमक तिथूनच येते. पैसे रंगात आणि स्वच्छतेत वाचवता येतात. रंगाची पट्टी डीपासून (अगदी रंगहीन) झेडपर्यंत (पिवळसर) जाते, पण पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर एच किंवा आय रंगाचा खडाही पांढराच दिसतो. डीसाठी पैसे ओतून तो पिवळ्या कोंदणात घालणं मला कधीच समजलं नाही. स्वच्छतेत, म्हणजे आतल्या डागांच्या बाबतीत, व्हीएस२ ही श्रेणी पुरे, नीट बघून घेतला तर तिच्या खालची एसआय१ सुद्धा. वजनाचं गणित तर गमतीचं आहे. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि तेवढ्या गोल खड्याचा व्यास साधारण साडेसहा मिलिमीटर. नव्वद सेंटचा खडा त्याहून जेमतेम पाव मिलिमीटरने लहान, बोटावर कुणाला कळणार नाही. भाव मात्र एक कॅरटला एकदम उडी मारतो. शून्य पूर्णांक नव्वद सांगायला लाज वाटत नसेल तर बरीच रक्कम वाचते.

लॅब ग्रोन हवा असेल तर ते आत्ताच दोघांत बोलून घ्या. २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन यांना साडेसात कॅरटचा प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा भेट दिला, तेव्हापासून आपल्याकडे त्याविषयीचा संकोच बराच कमी झालाय. डोळ्याने किंवा भिंगाने तो खाणीतल्या हिऱ्यापासून ओळखता येत नाही, त्याला यंत्र लागतं. पण तो घ्यायचा तर अँटवर्पला जाण्यात काहीच अर्थ नाही. सुरत जवळ आहे आणि त्याचे भाव इतके उतरलेत की व्हॅटच्या फॉर्मची यातायात परवडत नाही.

बोटाचं माप. तिला कळू न देता घ्यायचं असेल तर तिची बहीण किंवा जिवलग मैत्रीण कटात सामील करा, आणि रोजच्या वापरातली, त्याच बोटातली एक अंगठी तासाभरासाठी मिळवा. आपल्याकडचा ‘बारा नंबर’ तिथे सांगून उपयोग नाही. आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजून न्या. बारा नंबर म्हणजे साधारण साडेसोळा मिलिमीटर. मे महिन्यात पुण्यात फुगलेलं बोट डिसेंबरच्या बेल्जियममध्ये सैल पडतं, तेव्हा तिथे घालून ‘छान बसली’ वाटली तरी घरच्या मापावर विश्वास ठेवा. सभोवती हिरे जडवलेली रिंग आवडली तर दोनदा विचार करा, ती नंतर लहानमोठी करता येत नाही.

घरात ‘हिरा सगळ्यांना लाभत नाही’ म्हणणारी आजी किंवा आत्या असेल तर तो विषयही जाण्यापूर्वी उरकून टाका. थट्टा नाही करत. ओळखीचा सराफ चार दिवस घालून बघायला देईल, परत घेईल. युरोपात ऑनलाइन खरेदीला चौदा दिवसांत परत करायचा हक्क आहे, समोरासमोर दुकानातून घेतलेल्या वस्तूला तो नाही. परत घेतील की नाही हे त्या दुकानदाराच्या मर्जीवर, आणि ती मर्जी बिलावर लिहून घ्यायची असते.

आता दिवस. पॅरिस-ब्रसेल्स-ॲमस्टरडॅम अशा नेहमीच्या ग्रुप टूरमध्ये अँटवर्प बहुधा नसतंच. ब्रसेल्सहून ट्रेनने पाऊण-एक तासात पोचता येतं, त्यासाठी स्वतःचा दिवस काढावा लागेल. ॲमस्टरडॅमला टूरवाले ‘डायमंड फॅक्टरी’ दाखवतात, ती बघावी, चहा घ्यावा, आणि बसमध्ये परत बसावं. चाळीस मिनिटांच्या थांब्यात, मागे मॅनेजर घड्याळ बघतोय, अशा वेळी अंगठी घ्यायची नसते. अँटवर्प सहलीच्या शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवा. निवडलेला खडा कोंदणात बसवायला, माप दुरुस्त करायला दिवस लागतात, आणि शेवटच्या दिवशी ‘आहे ती द्या’ म्हणावं लागतं. वार बघा. हिऱ्यांच्या गल्लीतली बरीच दुकानं ज्यू कुटुंबांची आहेत, ती शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद असतात. रविवारी उलट काही उघडी सापडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यू सण ओळीने येतात, म्हणजे नेमकी आपली नवरात्र-दिवाळीच्या सुट्टीची वेळ.

हिऱ्यांची वस्ती शोधायला लागत नाही. सेंट्रल स्टेशनच्या त्या भव्य घुमटाखालून बाहेर पडलं की लगेचच पेलिकानस्ट्राट, तिला लागून व्हेस्टिंगस्ट्राट. होवेनियर्सस्ट्राट ही खरी व्यापाऱ्यांची गल्ली: पोलीस, कॅमेरे, गाड्यांना बंदी. तिथेच जवळ २००३ मध्ये तिजोरीघर फोडून दहा कोटी डॉलरहून जास्त मालाची चोरी झाली होती, त्यामुळे फोन काढून इमारतींचे फोटो घेत उभे राहू नका. या गल्लीत गुजराती सहज कानावर पडेल. पालनपूरच्या जैन कुटुंबांनी इथला व्यापार गेल्या साठ वर्षांत कुठल्या कुठे नेला. तुम्हाला मुंबईमुळे मोडकंतोडकं गुजराती येत असेल तर बोलायला हरकत नाही, पण ‘आपलाच माणूस’ म्हणून सर्टिफिकेट न तपासता पैसे देऊ नका. आपलाच माणूसही तसे देणार नाही.

दुकानात तीन-चार गोष्टींवर अडून बसा. खडा दिव्यांच्या झोतात चमकतोच, काचेचाही चमकतो. तो उचलून खिडकीशी न्या. हिरे पारखणारे पूर्वापार उत्तरेच्या उजेडात बसतात, आणि बेल्जियमचं मळभ या कामाला फार उपयोगी. सर्टिफिकेट जीआयएचं असेल तर त्याचा नंबर तिथेच उभं राहून फोनवर जीआयएच्या संकेतस्थळावर टाका, वजन-रंग जुळतात का बघा. तोच नंबर बहुधा खड्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो. दहापट भिंग मागा आणि स्वतः वाचा. एचआरडी आणि आयजीआय या दोन्ही प्रयोगशाळा मूळच्या अँटवर्पच्याच, त्यांची सर्टिफिकेटं तिथे खूप दिसतील. ती खोटी नसतात, पण व्यापारात जीआयएला जास्त भाव मिळतो, तेव्हा दोन वेगळ्या प्रयोगशाळांच्या खड्यांची भावात सरळ तुलना करू नका. किंबर्ले प्रक्रियेचा (युद्धाला पैसा पुरवणारे हिरे रोखण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था) हवाला दिला तर मान डोलवा. ती कच्च्या हिऱ्यांच्या पोत्यासाठी असते, तुमच्या खड्याचं प्रमाणपत्र नव्हे. रॅपापोर्टच्या (व्यापाऱ्यांत वापरली जाणारी हिऱ्यांची भावपत्रिका) यादीच्या भावावर ‘तीस टक्के सूट’ दाखवली तर तीही सूट समजू नका, त्या यादीच्या खालीच धंदा चालतो.

सोन्यावर ७५० हा शिक्का हवा, म्हणजे अठरा कॅरट. आपल्या बीआयएस हॉलमार्कचा सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी त्यावर नसणार, त्यामुळे पुढे कधी मोड करायला गेलात तर इथला सराफ आधी कस लावेल. व्हाइट गोल्डवर ऱ्होडियमचा मुलामा असतो, दोन-चार वर्षांत तो उतरतो आणि परत द्यावा लागतो. प्लॅटिनमला ही कटकट नाही. बिलावर खड्याचं वजन, सर्टिफिकेट नंबर, धातू आणि त्याचं वजन, खडा नैसर्गिक असल्याचा उल्लेख, आणि कर वेगळा, असं सगळं हवं.

पैसे कार्डाने. बेल्जियममध्ये ३,००० युरोच्या वर रोखीने खरेदी करताच येत नाही. कार्डाची परदेशातली मर्यादा बँकेत सांगून आधी वाढवा आणि मशीनवर ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरो. परताव्याच्या फॉर्मसाठी मूळ पासपोर्ट जवळ हवा. हॉटेलच्या तिजोरीत ठेवून झेरॉक्स दाखवलेली चालत नाही.

परतीचं विमान बघून ठेवा. दुबई किंवा दोहामार्गे असेल तर फॉर्मवरचा शिक्का ब्रसेल्सला घ्यायचा. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला बदलत असाल आणि अंगठी हातातल्या बॅगेत असेल, तर संघातल्या त्या शेवटच्या विमानतळावर. अंगठी चेक-इन बॅगेत मुळीच नको. अधिकारी वस्तू बघायला मागू शकतो, म्हणून अंगठी, डबी, बिल आणि फॉर्म एकत्र ठेवा, आणि रांगेसाठी तासभर जास्त धरा. आयफेल टॉवरखाली तिच्या बोटात घालून झाली असेल तर अभिनंदन, पण मुंबईला उतरताना ‘बोटात आहे म्हणजे जुनी’ असं समजून ग्रीन चॅनलने निघू नका. रेड चॅनल, बिल पुढे, शुल्क भरून पावती. ही पावती पुढे विम्याला लागते.

घरी आल्यावर जीआयए किंवा आयजीआयच्या मुंबईच्या कचेरीत खडा पडताळून घेता येतो. महाग खडा असेल तर जरूर घ्या आणि मगच विमा काढा. व्हॅटचे पैसे कार्डावर यायला काही आठवडे लागतात. तोवर शिक्का मारलेल्या फॉर्मचा फोटो फोनमधून पुसू नका, आणि ज्या कार्डावर परतावा मागितला ते मधेच बंद करू नका.