गुगल रिव्ह्यूचा क्यूआर काउंटरवर कसा लावावा

बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानात गिऱ्हाईक कुंदा ही मिठाई घेऊन खूश होऊन जातं, पण गुगलवर शोधून रिव्ह्यू लिहायला कुणाला सवड असते? थेट रिव्ह्यूचा रकाना उघडणारा क्यूआर फुकट मिळतो.

१. ज्या जीमेलवर दुकानाचं गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलवरची दुकानाची नोंद आहे, त्यानेच लॉगिन करून गुगलवर दुकानाचं नाव टाका. रिव्ह्यू मागण्याच्या पर्यायात लिंक आणि क्यूआर दोन्ही मिळतात.

२. क्यूआर किमान ५ सेंटिमीटर रुंद छापा. चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइट चमकली की कॅमेरा पकडत नाही.

३. यूपीआयच्या क्यूआरला चिकटून अजिबात लावू नका. लोक पैशांच्या ॲपनेच स्कॅन करतात, काही उघडत नाही आणि ते वैतागून निघून जातात. हातभर लांब लावा, वर ‘कॅमेऱ्यातून स्कॅन करा’ असं मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा. चंदगडचं गिऱ्हाईक असो की बैलहोंगलचं, वाचता आलं पाहिजे.

४. नुसतं ‘रिव्ह्यू द्या’ म्हणू नका. ‘काय घेतलं, कसं वाटलं, तेवढं लिहा’ म्हणा. ‘कुंदा ताजा होता, पॅकिंग पक्कं’ हे वाचून नवं गिऱ्हाईक येतं. नुसत्या पाच ताऱ्यांतून त्याला काय कळणार?

आलेल्या रिव्ह्यूला उत्तर गिऱ्हाइकाच्याच भाषेत द्या, दोन ओळी पुरे. तक्रार असेल तर आधी चूक मान्य करा.

रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा पावशेर मिठाई मात्र देऊ नका. गुगलच्या नियमात ते बसत नाही, आणि असे रिव्ह्यू काढून टाकले जाऊ शकतात.