मागे जोडलेल्या गाडीची बॅटरी वाटेतच कशी भरायची

दिवसभर मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, चालवून मुक्कामाला पोचलो. मागे जोडून आणलेली छोटी गाडी सोडवली, किल्ली फिरवली, तर नुसती टक-टक. बॅटरीला मल्टिमीटर लावला, 11.6 वोल्ट. भरलेली बॅटरी 12.6 दाखवते. 12 च्या खाली गेली की तिच्यात फारसं काही उरलेलं नसतं.

बॅटरी खराब नव्हती. स्टिअरिंग मोकळं राहावं म्हणून ओढताना आमच्या गाडीची किल्ली पहिल्या टप्प्यावर ठेवावी लागते, शिवाय पेडल दाबणारी ब्रेकची पेटीही त्याच बॅटरीवर चालते. सात-आठ तास हे सगळं चालू आणि भरणारं काहीच नाही. म्हणून मोटरहोमच्या मागच्या 7 पिनच्या सॉकेटमधून चार्जिंगची वायर ओढली.

त्या सातपैकी एक पिन चार्जिंगसाठी असतो. तो चित्रावरून ठरवू नका. चित्र सॉकेटचं की प्लगचं, समोरून की वायरच्या बाजूने, एवढ्याने डावं-उजवं उलटं होतं. इंजिन चालू, सगळे दिवे बंद, ब्रेकवरून पाय काढलेला. मल्टिमीटरची काळी पिन अर्थच्या पिनला, आणि लालने बाकीचे एकेक तपासा. ज्यावर न हलता 13.5 ते 14.5 वोल्ट येतात, तो आपला. मग किल्ली काढून पुन्हा बघा. आता तो पिन मेला की जिवंत राहिला, हे लिहून ठेवा, पुढे लागेल. कशावरच वोल्टेज नसेल तर आधी फ्यूजबॉक्स बघा. त्या जागेचा फ्यूज किंवा रिले (विजेवर चालणारा स्विच) बसवलेलाच नसू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नुसत्या मल्टिमीटरवर विश्वास ठेवू नका. माझ्या पिनवर 14.1 दिसत होते, म्हणून मी पुढची सगळी वायर टाकली आणि पुढच्या प्रवासात बॅटरी पुन्हा बसली. मग हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब त्या पिनला आणि अर्थला जोडला. तो साडेचार अँपिअर घेतो. बल्ब लागला तो पिवळट, आणि मल्टिमीटर 9.3 वर आला. सॉकेट उघडलं तर थिंबलमध्ये (वायरच्या टोकाला दाबून बसवतात ती धातूची टोपी) हिरवी पूड, तांब्याच्या दोन-तीनच तारा शाबूत. चकाकती तार लागेपर्यंत मागे कापत गेलो, नवीन थिंबल दाबली. बल्ब पांढरा लख्ख झाला, 13.7 वोल्ट. मल्टिमीटर करंट जवळपास घेतच नाही, म्हणून एका तारेवरही त्याला पूर्ण वोल्टेज दिसतं. बॅटरी भरायला करंट वाहावा लागतो.

वायर जाड घ्या. जायला 12 मीटर आणि परतीला 12 मीटर धरा. 4 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत 5 अँपिअरला साधारण अर्धा वोल्ट पडतो, तो चालतो. दीड चौरस मिलिमीटरची टाकलीत तर 1.4 वोल्ट वाटेतच जातात. 14.1 मधून ते वजा केले की 12.7 उरले, आणि एवढ्यावर बॅटरी भरत नाही. परतीची, म्हणजे अर्थची वायर तितकीच जाड हवी. ओढायचा दांडा लोखंडी आहे म्हणून त्याच्यावर अर्थ सोडू नका. त्याच्या सांध्यांत रंग, ग्रीस आणि गंज असतो.

फ्यूज दोन लागतात, 15 अँपिअरचे. एक मोटरहोमच्या बाजूला, दुसरा मागच्या गाडीच्या बॅटरीपासून वीतभर अंतरात. वायर मध्येच घासून बॉडीला टेकली, तर दोन्ही बॅटऱ्या तिच्यात करंट ओततात. एकच फ्यूज असला तर तो उडूनही दुसऱ्या बाजूने वायर जळत राहते. इथे अजिबात काटकसर नको.

मघाचं ते लिहून ठेवलेलं आता काढा. पिन किल्ली काढल्यावरही जिवंत राहत असेल, तर दोन्ही बॅटऱ्या मुक्कामीसुद्धा जोडलेल्याच राहतात आणि एक दुसरीला खाली ओढते. कोणी मध्ये करंट एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड टाकतात, पण साधा डायोड 0.6-0.7 वोल्ट स्वतःच खातो. मी मागच्या गाडीत छोटा डीसी-टू-डीसी चार्जर बसवला. पडलेलं वोल्टेज तो वर उचलतो, करंट हद्दीत ठेवतो, उलटा जाऊ देत नाही. माझ्या मते हाच पैसा सार्थकी लागणारा.

चार्जरची निगेटिव्ह थेट बॅटरीच्या खुंटीवर न लावता बॉडीच्या अर्थ बोल्टवर लावा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत निगेटिव्ह खुंटीवर सेन्सर असतो, आणि त्याला वगळून आलेला करंट त्याच्या हिशोबात येत नाही. बाकी नेहमीचंच: वायर पाइपात, सायलेन्सरपासून लांब, प्रत्येक सांध्यावर आत गोंद असलेली श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी नळी). दोन गाड्यांमधली केबल पूर्ण वळणाला ताणली जाऊ नये आणि रस्त्यालाही लागू नये.

सगळं जोडून मोटरहोमचं इंजिन चालू ठेवा, मागच्या गाडीचा ब्रेक आणि दिवे चालू करा, आणि मल्टिमीटर मागच्या गाडीच्या बॅटरीवरच लावा. 13.5 च्या वर आकडा टिकला तर निघा. तासाभराने थांबाल तेव्हा प्लग हाताने चाचपून बघा. गरम लागला, तर आतला एखादा पिन सैल आहे. तो तिथेच घट्ट करून मगच पुढे जा.