कॅलिफोर्नियात नवीन आलात? आधी तिकडचा वार बघा

सॅन होजे, फ्रीमाँट, सनीवेल या बाजूला नुकतंच बिऱ्हाड केलेल्यांसाठी हे लिहितेय. घरी फोन लावण्याआधी बोटांवर तास मोजत बसू नका. उन्हाळ्यात भारत आपल्या साडेबारा तास पुढे असतो. म्हणून घड्याळात दिसते त्या वेळेत अर्धा तास मिळवा आणि रात्रीची सकाळ करा. इथे रात्रीचे आठ, तिकडे सकाळचे साडेआठ. हिवाळ्यात फरक साडेतेरा तासांचा, तेव्हा दीड तास मिळवायचा.

हा अर्धा तास येतो, कारण भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. १५ अंशांना एक तास, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनला इथलं घड्याळ तीनवर जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे येतं. मोबाइल आपोआप बदलतो, ओव्हनवरचं घड्याळ आपल्याला बदलावं लागतं. भारतात मात्र काहीच हलत नाही. त्यामुळे नोव्हेंबरच्या त्या रविवारआधी घरी सांगून ठेवा की उद्यापासून फोन साडेआठला नाही, साडेनऊला येईल. माझी आई पहिल्या वर्षी चहा गार करून तासभर फोनपाशी बसली होती. फिनिक्सला कोणी असेल तर तिथे घड्याळ बदलत नाही. उन्हाळ्यात त्यांची वेळ आपलीच, हिवाळ्यात ते तासभर पुढे.

तास जमतात हो, चुकतो तो वार. बँकेचं, सोसायटीचं, तलाठ्याचं काम शुक्रवारी रात्रीवर टाकलंत तर तिकडे शनिवार उजाडलेला असतो, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद. अशा कामांना आपली रविवारची रात्र सगळ्यात चांगली, तिकडे सोमवारची सकाळ असते.

विमानाच्या तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची, पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. तिथे काहीच बदलायचं नसतं. पण मुंबईहून बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. आई-बाबा पहिल्यांदा येणार होते तेव्हा तिकिटावर १५ मे, ००:४० होतं आणि मी फोनवर "पंधराची रात्र" म्हणाले. पंधराला दुपारी आई मेतकुटाची पुडी बॅगेत कोंबत होती, विमान आदल्या रात्रीच गेलेलं. तिचा तो आवाज अजून कानात आहे. म्हणून मी आता सरळ सांगते, "चौदाला रात्री जेवून नऊला घरातून निघा."

संकष्टी करत असाल तर तिकडून आणलेल्या दिनदर्शिकेवरचा चंद्रोदय इथे चालत नाही, आणि त्याची वेळ बदलून घेणं तर अगदीच चूक. चंद्र आपल्या गावात उगवतो तेव्हा चतुर्थी असायला हवी. भारतातल्या चंद्रोदयानंतर आपला चंद्र सुमारे बारा-तेरा तासांनी उगवतो; तेवढ्यात तिथी संपली तर आपली संकष्टी एक दिवस आधी येते. पंचांगाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये आपलं गाव निवडा आणि तिथली तारीख धरा. तारीख एकच आली तरी आई रात्री उपास सोडून फोन करते, तेव्हा आपल्याकडे त्याच दिवसाची सकाळ असते आणि साबुदाणा नुकता भिजलेला असतो.